पाट, उचल आणि आपलं नशीब

मागच्या माघात इंदापूर तालुक्यातल्या एका गावी आम्ही मुलगी बघायला गेलो होतो. मुलगा माझ्या चुलतभावाचा, वय एकतीस. उजनीच्या फुगवट्यावरून पाइपलाइन करून भिजणारी चार एकर जमीन, त्यात ऊस, दारात दोन म्हशी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्यावर मुलीची आई चौकटीशी येऊन उभी राहिली आणि माझ्या भावाला म्हणाली, ‘‘पाव्हणं, राग मानू नका. पोराचं पुण्यात काही हाय का?’’ पुण्यात काही नव्हतं. नकाराचा निरोप दोन दिवसांनी आला, पण तो आम्हाला तिथेच कळला होता. परतताना जीपमध्ये भाऊ एवढंच बोलला, ‘‘पोराचं नशीबच फुटकं.’’

त्या रात्री मी आमच्या आळीतली घरं मोजली. तिशी ओलांडलेली, शेती करणारी, लग्नाची राहिलेली मुलं सात निघाली. एका आळीत, एकाच वेळी, एकाच कारणाने सात जणांचं नशीब फुटत असेल, तर त्याला नशीब म्हणणं सोडून दुसरं काहीतरी नाव शोधायला हवं.

ते नाव शोधण्याची एक रीत अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ या पुस्तकात मांडली. मराठीतून शिकवताना वर्गात आम्ही तिला ‘समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती’ म्हणतो. कल्पनाशक्ती या शब्दाने मुलं बिचकतात, त्यांना कविता आठवते. मिल्स यांच्या मनातली गोष्ट रोखठोक होती : एका माणसाचं आयुष्य आणि त्याच्या काळाचा इतिहास एकाच वेळी डोळ्यांपुढे धरता येणं. त्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, त्याचं कसब, त्याच्या पुढ्यातल्या संधी पाहाव्यात. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाच्या स्वभावात उत्तर सापडणार नाही, कारण संधींची रचनाच कोसळलेली असते. पहिली झाली खासगी अडचण, दुसरा सार्वजनिक प्रश्न. लग्नाचंही उदाहरण त्यांनी घेतलं होतं : पहिल्या चार वर्षांत हजारातली अडीचशे लग्नं मोडू लागली, तर दोष नवरा-बायकोंत शोधून भागत नाही.

आमच्या आळीतल्या सात जणांना हीच फूटपट्टी लावून पाहू. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला होता, तरीही हे आकडे असे आले. २००१ मध्ये मोजलेल्या त्या मुली आज लग्नाच्या वयाच्या आहेत, आणि ज्या जन्मालाच आल्या नाहीत त्या कोणाच्याच घरी सून म्हणून येणार नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा वाहिन्यांवर हसू पिकलं. त्या मुलांना मात्र आपली अडचण कुठल्या दारात नेऊन ठेवायची हे बरोबर कळलं होतं.

पण लोकसंख्येचा हिशोब अर्धाच आहे. चौकटीशी उभ्या राहिलेल्या त्या बाईने स्वतः पंचवीस-तीस वर्षं उसात खुरपणी केली आहे. रात्रीच्या लाइटीवर पाणी धरायला गेलेल्या नवऱ्याची तिने पहाटेपर्यंत वाट पाहिली आहे. इतकं करून सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. शेतकऱ्याच्या घरी मुलगी द्यायची नाही हा तिचा निर्णय तोऱ्यातून आलेला नाही. तिच्या आयुष्यभराच्या अनुभवाचा तो निष्कर्ष आहे, आणि एखाद्या अहवालातल्या निष्कर्षाइतकाच तो वजनदार आहे. त्या बैठकीत समाजाचा हिशोब जर कोणी नीट केला असेल, तर तो तिने.

ही नजर आपल्याकडे मिल्स यांच्या कितीतरी आधीपासून आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला चालला, तेव्हा वर्तमानपत्रं एका बाईच्या चारित्र्याची चर्चा करत होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्या बाईला तिथवर ढकलणाऱ्या सगळ्या व्यवस्थेची झाडाझडती घेतली. पुढच्याच वर्षी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये कुणब्याच्या दारिद्र्याचं कारण त्याच्या आळसात न शोधता सारा, जंगलखातं, कोर्टकज्जे आणि अज्ञान यांत शोधलं. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९१८ चा लहान धारणक्षेत्रांवरचा निबंध मला आमच्या भागासाठी सर्वांत मोलाचा वाटतो. जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेतकरी गरीब होतो, हे तेव्हा सगळे म्हणत. बाबासाहेबांनी प्रश्न उलटवला. दुसरा उद्योग नसल्यामुळे माणसांचा सगळा भार जमिनीवर पडतो, म्हणून तुकडे पडतात. उपाय हवा तो कारखानदारीत. माझ्या पुतण्याच्या चार एकरांपुढे ‘पुण्यात काही हाय का’ हा प्रश्न ठेवला, की त्या निबंधाचं सार त्यात सापडतं.

नीरेच्या पलीकडच्या काठाला फलटण. तिथल्या बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं. नवऱ्यापासून लपवून ठेवलेल्या कागदांवर त्यांनी ते लिहिलं होतं. आत्मचरित्राला ‘माझं’ न म्हणता ‘आमुचं’ म्हणणं, यातच मिल्स यांचं अर्धं पुस्तक आलं. इरावती कर्वे ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालल्या आणि आपल्याच दिंडीत ब्राह्मणांची व मराठ्यांची पंगत वेगळी पडते, याची टोचणी त्यांनी लिहून ठेवली. तुकोबांची पालखी आमच्या दारावरून जाते : उंडवडी, बारामती, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. रिंगण पाहायला आम्ही दरवर्षी जातो. पण आपल्या पायाखालच्या वाटेकडे इरावतीबाईंच्या डोळ्यांनी पाहायचं आमच्याकडून राहून गेलं.

आता पाटाकडे येतो, कारण बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कुठलीही कथा शेवटी पाटावर येतेच.

बागायत पट्ट्यातल्या कुठल्याही सुखवस्तू घरी जा, एक वाक्य हमखास ऐकू येतं : आज्याने कष्टाने कमावलं. ते खरं आहे. आज्याच्या हातांचे घट्टे मी पाहिलेत. पण त्या वाक्यात पाट नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनचा हा अवर्षणपट्टा होरपळला, आणि त्या धास्तीतून इंग्रज सरकारने नीरा डावा कालवा काढला. १८८५ मध्ये तो सुरू झाला. मागे भाटघरचं धरण बांधलं गेलं. हेतू होता बाजरी-ज्वारी वाचवण्याचा. पण पाऊस बरा झाला की ज्वारीला पैसे मोजून पाणी घ्यायला शेतकरी तयार नसे, आणि पाऊस हुकला की सगळेच एकदम पाणी मागत. कालव्याचा खर्च काही निघेना. मग पाणी वळलं उसाकडे. सासवडची माळी मंडळी पाटाच्या कडेला येऊन राहिली, खंडाने जमिनी घेतल्या आणि ऊस लावून गुऱ्हाळं घातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली. वरच्या अंगाच्या चार गावांनीच पाणी पिऊन टाकू नये, ते लांबवर पसरावं, हा तिचा एक उद्देश होता. तिसऱ्या दशकाच्या अखेरीस भाटघरला नवं मोठं धरण उभं राहिलं. पुढे वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर वालचंदनगर वसवलं. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले : माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, मग सोमेश्वर. आज्याचा घाम या सगळ्या व्यवस्थेवर पडला म्हणून त्याचा ऊस झाला.

तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर सुपे, मोरगाव, लोणी भापकर, शिर्सुफळ. तिथला आजाही पहाटे चारला उठायचा, त्याच्याही हाताला घट्टे होते. त्याच्या शिवारात पाट नव्हता. त्याची नातवंडं आज टँकरच्या वेळा सांगतात आणि जानाई-शिरसाई उपसा योजनेचं आवर्तन कधी सुटणार ते विचारतात. बागायतदाराचं पोरगं त्यांच्याविषयी बोलताना सहज म्हणून जातं, ‘‘त्यांच्याकडं मेहनतीची सवयच नाही.’’ हे वाक्य मी वर्गात ऐकलं आहे, आणि ते बोलणारा मुलगा वाईट नव्हता. त्याला पाट नदीसारखाच निसर्गातून आलेला वाटत होता. जन्मापासून दारात वाहणारी गोष्ट कोणीतरी आखली, कोणीतरी तिच्यासाठी पैसा घातला, कोणत्या शिवारातून ती न्यायची हे कोणीतरी ठरवलं, असं डोक्यात येत नाही. पाणी अजूनही कागदावरच ठरतं. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याचा डाव्या आणि उजव्या कालव्यातला वाटा जून २०१९ मध्ये एका सरकारी आदेशाने बदलला, बारामती-इंदापूरला जाणारं जादा पाणी थांबलं. सरकार बदलल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये वाटपही पुन्हा बदललं. सहा-आठ महिन्यांत कोणाची मेहनत वाढली नव्हती की घटली नव्हती.

पाटाच्या शेपटाला, म्हणजे इंदापूरच्या बाजूला टेलच्या शेतकऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. वर पाळी संपायच्या आधी खाली पाणी पोचत नाही. पाटकऱ्याशी बोलणं, रात्री चारीवर राखण, शेजाऱ्याशी वाकडं, हे सगळं तो आपलं खासगी भांडण म्हणून जगतो. उलट वरच्या अंगाला पाणी जास्त होऊन जमिनी चिबडतात. वरच्या वावरात ढिलाईने सोडलेलं पाणी पाझरून खालच्याच्या रानात मीठफुटी आणतं आणि ते रान नापीक होतं. इंग्रज इंजिनिअर शंभर वर्षांपूर्वीच या रोगाचा अभ्यास करत होते. तरीही ज्याचं रान चिबडलं, तो आजही म्हणतो, माझी जमीनच हलकी निघाली.

या पट्ट्यावर गंभीर अभ्यास झाले आहेत, हे आपल्याकडे फारसं ठाऊक नाही. डोनाल्ड अ‍ॅटवूड या मानववंशशास्त्रज्ञाने नीरा डाव्या कालव्यावरच्या एका गावात राहून, गावाचं नाव बदलून, १९२० ते १९७० या काळात जमिनी कोणाकडून कोणाकडे गेल्या याचा माग काढला. १९७९ च्या लेखात त्याने दाखवलं की, श्रीमंत अधिक श्रीमंत आणि गरीब अधिक गरीब असं सरळ चित्र तिथे नव्हतं. काही भूमिहीन आणि अल्पभूधारक वर चढले होते, काही मोठी घरं खाली आली होती. पुढे १९९२ च्या ‘रेझिंग केन’ मध्ये त्याने सहकारी कारखाने तगण्याचं कारण लहान-मोठ्या शेतकऱ्यांच्या एकत्र हितात शोधलं. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचं राजकारण अशाच बारकाईने मांडलं. अ‍ॅटवूड मला आवडतो, कारण तो माणसाच्या धडपडीला जागा ठेवतो. सगळं परिस्थितीवर ढकलणारं समाजशास्त्र माणसाचा अपमान करतं. माझ्या आज्याचे घट्टे खोटे ठरवायचे नाहीत. त्यांच्या शेजारी पाट ठेवायचा आहे. पण या अभ्यासांत उसाचा मालक ठळक दिसतो आणि ऊस तोडणारा अंधुक, ही माझी तक्रार आहे. तिच्याकडे पुढे येतो.

त्याआधी बहात्तर सालच्या दुष्काळाबद्दल थोडं. माझी आजी खडी फोडायला गेली होती. सुकडीची चव तिला मरेपर्यंत आठवायची. आमच्या घरात ती गोष्ट आजीच्या चिवटपणाची म्हणून सांगतात. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, हे मला पुस्तकातून कळलं आणि आजी एकदम मोठी झाली. ती एकटी चिवट नव्हती. तिच्यासारख्यांनी कामं मागितली, मोर्चे काढले, सरकारला कामं काढावी लागली. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर आली आणि पुढे तिचा कायदा झाला. पुढे देशभर कामाचा जो हक्क मिळाला, त्याचं मूळ त्या खडीच्या ढिगाऱ्यांत आहे.

उजनीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. भीमेवरचं हे धरण १९८० च्या सुमारास भरू लागलं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी मागे पसरलं इंदापूर, दौंड, करमाळ्यात. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पळसदेवचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. कडक उन्हाळ्यात पातळी फार खाली गेली की पळसनाथाचं मंदिर वर येतं आणि म्हातारी माणसं तिथे जाऊन आपल्या घराचा जोता कुठे होता ते नातवंडांना दाखवतात. नदीकाठची काळीभोर जमीन ज्यांची गेली, ते धरणग्रस्त झाले. पाणी कुठवर चढणार याची रेषा ज्यांच्या बांधाच्या अलीकडे थांबली, त्यांनी मोटारी टाकल्या, पाइपलाइनी केल्या आणि दहा-पंधरा वर्षांत ऊसवाले झाले. दोन सख्ख्या भावांच्या वावरांमधून ती रेषा गेलेली मला माहीत आहे. एकाची पोरं आज भिगवणच्या बाजारात मासळी विकतात, दुसऱ्याच्या दारात ट्रॅक्टर आहे. मासळीतही आता चिलापीच जास्त, कारण पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीला येऊन मिळतं. पुण्यात ज्याने नळ सोडला, त्याला भिगवणचा भोई ठाऊक नाही. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतलं पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला, सोलापूरकर खवळले आणि महिन्याभरात तो रद्द झाला. इंदापूरचा माणूस एका हिशोबात धरणाने बुडवलेला आणि दुसऱ्या हिशोबात दुसऱ्याचं पाणी पळवणारा ठरला. दोन्ही हिशोब करणाऱ्यांकडे आपापला अनुभव होता आणि दोघांचा अनुभव खरा होता.

सरकारी भरतीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण आकडेच पुरेसे आहेत. पहाटे बारामती-इंदापूरच्या कुठल्याही रस्त्यावर पोरं-पोरी धावताना दिसतात. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत १७ हजारांवर जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या वर. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना १० लाखांहून जास्त अर्ज. शंभरात एक घेतला जाणार असेल, तर उरलेल्या नव्व्याण्णवांना ‘तू कमी पडलास’ असं सांगणं क्रूर आहे. तरी घरोघरी तेच सांगितलं जातं, आणि ते पोरगंही खोलीत बसून स्वतःला तेच सांगत राहतं.

इथे मला या लेखाचं मुख्य म्हणणं मांडायचं आहे. आपल्या दुःखाला समाजाशी जोडण्यात आपला भाग मुळीच मागे नाही. जुलै २०१४ मध्ये आरक्षणासाठी धनगर समाज पंढरपूरहून चालत बारामतीत आला आणि तिथे उपोषणाला बसला, तेव्हा वाड्यावाड्यांवरचं एकेकाचं शल्य राज्याचा प्रश्न झालं. २०१६ पासूनच्या मराठा मोर्चांत आमच्या गावातल्या, कधी उंबरा न ओलांडलेल्या बायका चालल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऊसदराच्या आंदोलनाचं एक केंद्र इंदापूर होतं. या मागण्यांशी कोणाचं जमेल, कोणाचं नाही. पण यातल्या प्रत्येक माणसाने ‘माझं नशीब’ म्हणणं थांबवून ‘आमचा प्रश्न’ म्हणायला सुरुवात केली होती. अडतं ते सुखाशी. दुःख आलं की आपण व्यवस्था शोधतो, आणि सुख आलं की आज्याचे घट्टे दाखवतो.

याची कसोटी दर दिवाळीनंतर आमच्या शिवारात येऊन उभी राहते. बीड, अहिल्यानगर, जळगाव या बाजूंच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’. हिशोबाच्या वहीत बाईचं स्वतंत्र नाव नसतं, ती अर्धा कोयता असते. पहाटे तीन-चारला ती उठते, भाकरी थापते, अंधारात फडात जाते. नवरा तोडतो, ती पाला साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. सांजेला वाढ्याच्या पेंढ्या विकून मिळतील ते चार पैसे तिचे. न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत बसायची सोय नाही. एक दिवस खाडा झाला तर मजुरी जाते आणि वर दंड कापला जातो.

आता एक शब्द जवळून पाहू. ऊस गाळपाला गेल्यावर कारखाना शेतकऱ्याला जो पहिला हप्ता देतो, त्याला आम्ही पहिली उचल म्हणतो. मुकादम हंगामाआधी तोडणी कामगाराला जी रक्कम देतो, तीही उचल. शब्द एक, पण शेतकऱ्याची उचल ही दिलेल्या मालाची किंमत असते. चौदा दिवसांत ती मिळावी असा कायदा आहे आणि मिळाली नाही तर त्यासाठी रस्ता अडवता येतो. मजुराची उचल हे न केलेल्या कामाचं कर्ज. ती घेतली की अंग पुढचे पाच-सहा महिने गहाण. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. शेतकऱ्याच्या बिलात ‘तोडणी-वाहतूक’ अशी कपातीची एक ओळ असते. त्या बाईची पहाट, तिची मोळी, तिची पाठ, सगळं त्याच्या कागदावर एक वजाबाकी म्हणून येतं.

बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, त्यात कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. त्याआधी ती प्रत्येकीची आपापली गोष्ट होती : पांढरं जाणं, पोटात कळ, डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती, पाळीची कटकट एकदाची मिटावी म्हणून स्वतःच घेतलेला निर्णय. तेरा हजार बायकांनी एकमेकींना न विचारता हा निर्णय घेतला, याचा अर्थ त्या सगळ्या एकाच चौकटीत अडकल्या होत्या : खाडा, दंड, उचल, संडास नसलेला फड आणि फी घेणारा दवाखाना. चर्चा मात्र बीडच्या डॉक्टरांवर थांबली. तिथले दवाखाने तपासलेच पाहिजेत. पण त्या बायका वर्षातले पाच महिने कोणाच्या फडात वाकतात? आमच्या. बीडमध्ये काढलेल्या त्या गर्भाशयाच्या कारणांचा एक धागा बारामती-इंदापूरच्या उसाच्या सरीत आहे, हे म्हणायला आमच्याकडे जीभ रेटत नाही. माझीही कैक वर्षं रेटली नाही. आमच्या घराचा ऊस त्याच कोयत्यांनी तुटत आला आहे आणि माझं कॉलेज त्या उसाच्या पैशातून झालं आहे.

जॅन ब्रेमन यांनी खानदेशातून दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या तोडणी मजुरांवर जे लिहिलं, त्या तोडीचं आमच्या पट्ट्यावर मराठीत फारसं काही माझ्या वाचनात नाही. आमचे ग्रंथ कारखान्यांचे, चेअरमनांचे, पाण्याचे. ‘अर्ध्या कोयत्या’चं आत्मकथन अजून बेबी कांबळ्यांची वाट पाहत आहे.

गेली काही वर्षं मी पहिल्या वर्षाच्या मुलांना एक काम देतो : घरातला एक कागद घ्या आणि तो कुठून आला, कुणाकुणाच्या हातून आला, याचा माग काढा. कोणी सातबारा आणतो, कोणी लग्नपत्रिका, कोणी धरणग्रस्ताचा दाखला, कोणी भरतीचं हॉल तिकीट. गेल्या हंगामात पाटाकडेच्या एका बागायती घरातली मुलगी उसाचं बिल घेऊन आली. तिने फक्त ‘तोडणी-वाहतूक’ या ओळीचा माग काढायचं ठरवलं होतं. बिल घेऊन ती संध्याकाळी त्यांच्याच फडावर गेली आणि मोळी बांधणाऱ्या बाईला विचारलं, ‘‘मावशी, यातलं तुम्हाला किती पोचतं?’’ बाईला ती रक्कम सांगता येईना. तिचा हिशोब उचलीत चालायचा, आणि ती किती फिटली हे मुकादमालाच ठाऊक. थोड्या वेळाने बाईनेच उलट विचारलं, ‘‘तुझ्या बापाला एकरी किती टन पडला?’’ मुलीने सांगितलं. मग दोघी पाचटावर बसल्या आणि बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने मांडायला लागल्या : टनाला तोडणी किती, दोघांच्या दिवसाला टन किती, खाडे किती, मुकादमाचं कमिशन किती. हिशोब अर्ध्यावर आला असताना ट्रॅक्टर भरायला लागला आणि बाई उठून गेली.

ते बिल माझ्या कपाटात आहे. पाठीमागच्या शेवटच्या ओळीत बरोबरचं चिन्ह आहे, त्याच्यापुढची जागा कोरी आहे.